मर्दपणाचे अकरा पदर आणि एक पेला

पुरुष बायकांपेक्षा जास्त दारू पितात हे सांगायला संशोधक लागत नाही. जगात जिथे जिथे कुणी मोजमाप केलं तिथे हेच निघालं. खरी गंमत 'किती पट जास्त' या प्रश्नात आहे. दिल्लीच्या एम्सने २०१९ मध्ये देशभरातल्या व्यसनांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. त्यात १० ते ७५ या वयोगटातले २७.३ टक्के पुरुष आणि १.६ टक्के बायका दारू पिणाऱ्या निघाल्या, म्हणजे एका बाईमागे १७ पुरुष. याच्या शेजारी आता दुसरा आकडा ठेवून बघा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये वेगवेगळ्या देशांतले ६८ अभ्यास एकत्र केले आणि त्यांतली ४० लाखांहून जास्त माणसं जन्मवर्षाप्रमाणे लावली. १८९१ ते १९१० मध्ये जन्मलेल्यांत पिण्याचं प्रमाण पुरुषांमध्ये बायकांच्या २.२ पट होतं. १९९१ नंतर जन्मलेल्यांत ते जेमतेम १.१ पट उरलं. यातले बहुतेक अभ्यास युरोप-अमेरिकेतले आहेत हे खरं, पण शंभर वर्षांत तिथल्या माणसांची यकृतं काही बदललेली नव्हती.

शरीराचा वाटा आहेच. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढीच दारू तिला जास्त चढते. पण सगळं उत्तर शरीरातच असतं तर हे गुणोत्तर सगळीकडे साधारण सारखं आलं असतं. ते एका देशातसुद्धा सारखं येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ वर्षांवरच्या वयात देशभरात सुमारे १९ टक्के पुरुष आणि १ टक्का बायका पिणाऱ्या निघाल्या. अरुणाचल प्रदेशात मात्र ५३ टक्के पुरुष आणि २४ टक्के बायका. तिथे तांदळाची आपाँग घरात बायकाच बनवतात आणि पाहुण्यापुढे ठेवतात. तिथे पिणं ही पुरुषांची वेगळी खोली नाही.

अमेरिकेत नॉर्थ डाकोटा विद्यापीठातल्या रिचर्ड आणि शॅरन विल्सनॅक या दांपत्याने याच प्रश्नासाठी 'जेनासिस' नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालवला. २००९ मध्ये त्यांनी ३५ देशांची माहिती मांडली. पुरुष सगळीकडे पुढे, पण अंतर कुठे बोटभर, कुठे कोसभर. म्हणजे 'पुरुष' या शब्दाखाली देह सोडून आणखी बरंच काही आहे आणि त्यातलं काहीतरी हाताला पेल्याकडे नेतं. ते नेमकं काय, हे शोधायचं तर आधी मर्दपणा मोजावा लागतो. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण लोकांनी तो मोजला आहे.

मर्दपणाची मोजपट्टी

१९७४ पर्यंत मानसशास्त्रज्ञ पुरुषीपणा आणि बायकीपणा ही एकाच रेषेची दोन टोकं धरायचे. एकाकडे सरकलात की दुसऱ्यापासून लांब गेलात. सँड्रा बेम यांनी त्या वर्षी ही रेषा मोडली. त्यांच्या प्रश्नावलीत ६० गुण होते: २० समाजाला पुरुषात आवडणारे (स्वावलंबी, स्पर्धाळू, धोका पत्करणारा, पुढारपण करणारा), २० बाईत आवडणारे (मायाळू, मृदू, दुसऱ्याचं दुःख जाणणारी) आणि २० कुणातही चालणारे. प्रत्येक गुण आपल्याला किती लागू पडतो ते १ ते ७ मध्ये सांगायचं. पुरुषी आणि बायकी गुणांची बेरीज वेगवेगळी करायची. त्यामुळे एकच माणूस दोन्हीकडे वरचा निघू शकतो, तसाच दोन्हीकडे खालचाही.

त्याच सुमाराला टेक्सासमध्ये जॅनेट स्पेन्स आणि रॉबर्ट हेल्मराइक यांनी आपली प्रश्नावली बनवली. त्यांचं म्हणणं असं की या याद्यांत खरं तर दोन गोष्टी मोजल्या जातात. एक म्हणजे धडाडी, काम तडीस नेण्याची वृत्ती. दुसरी म्हणजे जिव्हाळा, माणसं जोडण्याची वृत्ती. पुढे यांना मी याच नावांनी हाक मारतो, कारण 'पुरुषी' आणि 'बायकी' म्हटलं की आपल्याकडे लगेच कुणाला तरी चिडवल्यासारखं होतं.

आता सरळ अंदाज काय? ज्याची धडाडी जास्त तो जास्त पिणार. अभ्यास झाले आणि निकाल इकडे एक, तिकडे दुसराच येऊ लागला. कुठे संबंध दिसे, कुठे दिसेना. गुंता सुटायला मदत झाली ती १९७९ मध्ये. स्पेन्स आणि सहकाऱ्यांनी पुरुषी गुणांचे दोन गट पाडले. आत्मविश्वास, चिकाटी, निर्णय घेण्याची तयारी हे पहिल्या गटात. उद्दामपणा, बढाया, हुकूमशाही, स्वतःपुरतं पाहणं हे दुसऱ्यात. पहिल्यात धडाडी आहे. दुसऱ्यात तीच धडाडी आहे, फक्त तिला जिव्हाळ्याचा लगाम नाही. पिऊन होणारी भांडणं, अपघात, बुडालेले तास यांच्याशी ज्याचं नातं पुन्हा पुन्हा दिसतं तो हा दुसरा गट. आणि ज्या मुलांमध्ये जिव्हाळ्याचे गुण भरपूर असतात त्यांच्यात पिण्यापायी होणारा त्रास कमी आढळतो, असं अनेक अभ्यास सांगतात.

इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. किती प्यायलं आणि पिण्यामुळे किती वाटोळं झालं ही दोन वेगळी मोजमापं आहेत. दोन मुलं सारखीच बिअर पितात. त्यातला एक घरी जाऊन झोपतो, दुसरा बाइकला किक मारतो.

मी कसा आहे, आणि मी कसा असायला हवा

गुणांच्या याद्यांत एक उणीव होती. मी कसा आहे हे त्या विचारतात. पण विशीतल्या मुलाला जास्त जाचतो तो दुसरा प्रश्न: पुरुषाने कसं असायला हवं? मुलगा स्वभावाने बुजरा असेल आणि पुरुषाने कशालाच घाबरू नये अशी त्याची पक्की समजूत असेल, तर त्याच्या पोटात रोज एक ताण चालू राहतो. जोसेफ प्लेक यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नेमका हा ताण मांडला. त्यांच्या मते खुद्द भूमिकाच अशी विणलेली आहे की ती कुणालाच पुरती साधत नाही.

मग २००३ मध्ये बोस्टन कॉलेजच्या जेम्स महालिक यांनी पुरुषीपणाच्या ११ अपेक्षा, म्हणजे त्याचे ११ पदर, वेगळ्या काढणारी ९४ विधानांची प्रश्नावली केली. जिंकणं, भावना दाबून ठेवणं, धोका पत्करणं, मारामारीची तयारी, वरचढ राहणं, मुली फिरवणं, कुणाची मदत न घेणं, कामाला सगळ्यांत वर ठेवणं, बायकांवर सत्ता गाजवणं, समलैंगिकांचा तिटकारा आणि प्रतिष्ठेची हाव. वाचताना ओळखीचे चेहरे डोळ्यांसमोर येतात ना? पण या यादीचा खरा उपयोग असा की मर्दपणा हा एकसंध दगड नाही हे आकड्यांत दाखवता आलं. एकच मुलगा कामाच्या पदरात ९० मिळवील आणि बायकांवर सत्तेच्या पदरात १०.

डेरेक इवामोटो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या ७७६ कॉलेजकुमारांना ही प्रश्नावली दिली आणि शेजारी त्यांच्या पिण्याची माहिती ठेवली. मुली फिरवणं, धोका पत्करणं आणि जिंकण्याची ईर्ष्या हे तीन पदर झिंगेपर्यंत पिण्याशी बांधलेले निघाले. भावना दाबून ठेवण्याचा पदर मात्र उलटा निघाला. ज्यांना तो महत्त्वाचा वाटत होता ती मुलं कमी झिंगत होती. यात तर्क आहे, कारण पिऊन रडणारा, गळ्यात पडणारा, मागचं उकरून काढणारा माणूस हा भावना आवरण्याच्या बरोबर विरुद्ध टोकाला असतो. 'माझं मी बघून घेईन' हा पदर पुन्हा वेगळाच. तो पिण्यामुळे होणाऱ्या त्रासाशी जोडलेला सापडला. मदत मागायची नाही म्हटल्यावर त्रास साचतच जाणार.

२०१७ मध्ये याच प्रकारच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात १९ हजारांहून जास्त माणसांची माहिती होती आणि विषय एकूण मानसिक आरोग्याचा होता. मदत न घेणं, मुली फिरवणं आणि बायकांवर सत्ता हे तीन पदर सर्वांत घातक ठरले. कामाला वर ठेवणाऱ्या पदराचा त्रासाशी ठळक संबंध दिसला नाही. मला हा निकाल आपल्या घरांत ओळखीचा वाटतो. आपल्याकडे पुरुष असण्याचा मोठा हिस्सा प्रपंच ओढण्यात गेलेला आहे: बहिणीचं लग्न, आईचं औषध, शेताचं कर्ज. या जबाबदाऱ्या अमेरिकन प्रश्नावलीत कुठेच नीट बसत नाहीत. त्या माणसाला वाचवतात की वाकवतात, हे आपल्या मोजपट्टीशिवाय कळणार नाही.

एकदा मिळून न टिकणारी पदवी

तरुणच का? वय वाढलं की बरेचसे पुरुष आपोआप कमी का पितात? याचं एक उत्तर साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या जोसेफ व्हँडेलो आणि जेनिफर बॉसन यांच्याकडे आहे. २००८ पासून ते सांगत आले आहेत की बहुतेक समाजांत बाईपण वयासोबत येतं असं मानतात, पण पुरुषपण कमवावं लागतं आणि कमावलं तरी केव्हाही हातचं जाऊ शकतं. 'पुरुष आहेस की नाही?' हा सवाल विशीत दर आठवड्याला कुणीतरी टाकतं. चाळिशीत घर, नोकरी, मुलं यांनी त्याचं उत्तर दिलेलं असतं.

त्यांचा एक प्रयोग मजेशीर आहे. काही तरुणांना बाहुलीच्या डोक्यावरच्या केसांची वेणी घालायला लावली, काहींना तसाच पीळ दोरीला द्यायला लावला. हातांचं काम तेच. नंतर दोघांना विचारलं, आता कोडं सोडवणार की पिशवीवर ठोसे मारणार? वेणी घातलेल्यांपैकी ठोसे निवडणारे जास्त निघाले. जणू काही गमावलं होतं आणि ते ताबडतोब भरून काढायचं होतं. पुढे याच कल्पनेवर ६२ देशांतल्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली आणि २०२१ मध्ये निकाल आले. जिथे स्त्री-पुरुष समानता आणि मानवी विकास कमी, तिथे 'पुरुषपण निसटतं' ही समजूत जास्त घट्ट.

प्रयोगशाळेत ठोसे असतात, वसतिगृहाच्या गच्चीवर क्वार्टर असते. महाराष्ट्रात कडक दारूसाठी कायद्याने वयाची २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. कॉलेजातल्या मुलासाठी ही मनाईच धोका पत्करण्याच्या पदराला खतपाणी घालते. दारूच्या जाहिरातींवर बंदी असल्यामुळे सोड्याच्या, पाण्याच्या, सीडीच्या नावाने त्या येतात, आणि त्यातली एक वर्षानुवर्षं 'मेन विल बी मेन' हेच पालुपद घोळवते. जाहिरातवाल्यांना मानसशास्त्राचे शोधनिबंध वाचावे लागत नाहीत, त्यांना ते आतूनच ठाऊक असतं.

पण पुरुषपण पेल्यातूनच कमवावं लागतं असं नाही, आणि मला या सगळ्या विषयातला सर्वांत कामाचा शोध हाच वाटतो. इंग्लंडमधल्या रिचर्ड डी व्हिसर आणि जोनाथन स्मिथ यांनी लंडनमधल्या १८ ते २१ वर्षांच्या मुलांच्या मुलाखती घेतल्या. २००७ मध्ये त्यावर लेख आला. तिथे पबमध्ये मित्रांच्या बरोबरीने पाइंट रिचवणं हा मर्दपणाचा उघड पुरावा. पण एखादा मुलगा खेळात नाव काढून असेल तर तो खुशाल 'मला नको' म्हणू शकतो, त्याला कुणी टोचत नाही. डी व्हिसर यांनी पुढे याला पुरुषी भांडवल म्हटलं. पतसंस्थेतल्या खात्यासारखं आहे हे: एका ठिकाणी भरणा चांगला असला की दुसरीकडचा हप्ता चुकला तरी नोटीस येत नाही. ज्याच्या खात्यात काहीच नाही, त्याला प्रत्येक हप्ता वेळेवर भरावा लागतो. न खेळणारा, न कमावणारा, बोलायला अडखळणारा पोरगा सगळ्यांत जोरात ग्लास आपटतो तो यामुळे.

आपल्या गावांत ही खाती जुनी आहेत. 'माळ घातलीय' म्हटलं की वारकऱ्याच्या पोराला कुणी आग्रह करत नाही. जो करेल त्यालाच दुसरे गप्प करतात. तालमीतला पैलवान पीत नाही आणि त्याच्या मर्दपणावर बोट ठेवायची कुणाची छाती होत नाही. सैन्याची भरती जवळ आली म्हणून पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं 'मैदान आहे' एवढंच सांगतात आणि सुटतात. हेच पोरगं पुढे फौजेतून सुट्टीवर आलं की कोट्यातली रम मित्रांना पाजतं, आणि तेव्हा ती पाजणंच मोठेपणाचं होतं. म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यात चार-पाच वर्षांच्या अंतराने दारू सोडणंही मर्दानी आणि पाजणंही मर्दानी.

सोलची बाटली आणि लंडनचा पाइंट

इथून पुढे संस्कृतीचा मुद्दा निघतो, आणि 'पुरुषी गुण जास्त, म्हणून दारू जास्त' हे सूत्र इथेच कोसळतं. लंडनमधला मुलगा पिऊन काय दाखवतो? मी कुणाला जुमानत नाही. दक्षिण कोरियात ऑफिसनंतर सगळ्या विभागाने एकत्र जेवायला आणि प्यायला जायची रीत आहे, तिला होएशिक म्हणतात. वरिष्ठाने ओतलेला सोजू धाकट्याने दोन्ही हातांनी घ्यायचा, तोंड बाजूला वळवून प्यायचा, आणि 'वन शॉट' अशी आरोळी आली की एका घोटात संपवायचा. ग्लास नाकारणं म्हणजे माणसाला नाकारणं. इथे तरुण पिऊन दाखवतो ते आज्ञाधारकपणा, गटाशी निष्ठा आणि सहनशक्ती. बेम यांच्या यादीत यातलं बरंचसं 'पुरुषी' रकान्यात येणारच नाही. क्रिया एकच, पण तिच्यामागचे गुण बरोबर उलटे.

पूर्व आशियात तर शरीरानेच आड यायची सोय केलेली आहे. तिथल्या सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या लोकांत एक जनुकीय बदल असतो, त्यामुळे दारूचं विघटन अर्ध्यावर अडकतं. दोन घोटांत चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळतं. अशा माणसाला दारूचं व्यसन लागणं अवघड. आणि तरीही जपानमधल्या हिगुची यांच्या गटाने १९९४ मध्ये काय दाखवलं पाहा. दारूच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्या जपानी रुग्णांत या बदलाची एक प्रत असलेले लोक १९७९ मध्ये २.५ टक्के होते, १९८६ मध्ये ८ आणि १९९२ मध्ये १३ टक्के झाले. तेरा वर्षांत जनुकं बदलत नाहीत. बदलला तो समाज. पिण्याचं वातावरण वाढत गेलं आणि शरीराने घातलेलं कुंपण ओलांडून माणसं आत आली.

रशियाची गोष्ट वेगळ्या अंगाने जाते. १९८५ मध्ये गोर्बाचोव यांनी दारूविरोधी मोहीम काढली आणि पुरुषांचं सरासरी आयुर्मान चढून १९८७ मध्ये ६५ वर्षांच्या आसपास गेलं. मोहीम गुंडाळली, पाठोपाठ सोव्हिएत संघ फुटला, कारखाने बंद पडले, आणि १९९४ पर्यंत ते ५८ च्या खाली घसरलं. इझेव्स्क या एका साध्या औद्योगिक शहरातल्या मृत्यूंचा अभ्यास २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. २५ ते ५४ वयाच्या पुरुषांच्या मृत्यूंपैकी ४३ टक्के मृत्यूंच्या मुळाशी घातक पिणं असावं असा त्याचा हिशेब होता. कोलोनसारखी न पिण्याची द्रव्यंही त्यात होती. काही समाजशास्त्रज्ञ याचा अर्थ असा लावतात: सोव्हिएत व्यवस्थेने पुरुषाकडून मालकी, राजकारण, घरातली सत्ता सगळं काढून घेतलं होतं. मर्दपण दाखवायला उरली फक्त मेहनत आणि व्होडका. मग मेहनतही गेली. मला हे स्पष्टीकरण पुरेसं वाटत नाही, कारण व्होडका तेव्हा स्वस्तही झाली होती आणि स्वस्त दारूला मानसशास्त्र लागत नाही. पण भांडवल आटलं की माणूस उरलेल्या एकाच खात्याकडे धावतो, हे त्यात दिसतं खरं.

चढते ती दारू, बोलते ती समजूत

'पिऊन भान राहिलं नाही हो' असं सांगणाऱ्याला आपण सहज माफ करतो. पुरुष प्यायला की मारझोड करणारच, हे जणू रसायनशास्त्रच. ड्वाइट हीथ या मानववंशशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात बोलिव्हियाच्या सखल प्रदेशातल्या कांबा लोकांमध्ये राहून नोंदी केल्या. ही मंडळी सणाला ८९ टक्के अल्कोहोलची दारू प्यायची, जवळजवळ शुद्ध स्पिरिटच. गोल करून बसायचं, एकमेकांना मान देत आळीपाळीने प्यायचं, पडेपर्यंत प्यायचं. भांडण नाही, शिवीगाळ नाही, कुणाच्या अंगचटीला जाणं नाही. रसायन तेच होतं, फक्त प्यायल्यावर मारामारी करायची असते हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

१९७५ मध्ये अमेरिकेत हेच प्रयोगशाळेत तपासलं. काही तरुणांना व्होडका देऊन व्होडका सांगितली, काहींना नुसतं टॉनिक देऊन व्होडका सांगितली, काहींना व्होडका देऊन टॉनिक सांगितलं. मग समोरच्याला विजेचा झटका देण्याची संधी दिली. झटके जोरात दिले ते व्होडका प्यायलेल्यांनी नव्हे, व्होडका प्यायलो असं वाटणाऱ्यांनी. दारू निर्दोष आहे असा याचा अर्थ काढू नये. १९९० मध्ये क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी तिचा दोष नेमका सांगितला: दारू लक्षाचा परीघ आवळते. समोर जे सर्वांत ठळक असेल तेवढंच दिसतं, बाकीचं, म्हणजे उद्याचा पेपर, आईचा चेहरा, हेल्मेट, धूसर होतं. बैठकीतली सर्वांत ठळक गोष्ट 'कोण घाबरतोय ते बघू' अशी असेल तर दारू ती आणखी ठळक करते.

सगळेच पितात, असं सगळ्यांनाच वाटतं

आता त्या बैठकीत बसलेल्या पाच जणांच्या मनात शिरू. १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले. कॅम्पसवरच्या पिण्याबद्दल तुला स्वतःला काय वाटतं? आणि इतरांना काय वाटत असेल? बहुतेकांचं उत्तर एकच आलं: मला जरा खटकतं, इतरांना मात्र चालतं. सगळेच असं म्हणत होते, म्हणजे ते 'इतर' कुणी अस्तित्वातच नव्हते. पुढचा भाग आपल्या विषयाचा आहे. सत्र संपेपर्यंत मुलींची मतं जिथे होती तिथेच राहिली. मुलांची मतं हळूहळू त्या काल्पनिक बहुमताकडे सरकली. मुलग्याला वाटलं की आपण एकटेच मागे आहोत, आणि त्याने स्वतःला दुरुस्त करून घेतलं.

महाराष्ट्राचा आकडा इथे वाचण्यासारखा आहे. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी १३.९ टक्के जणांनी दारू पितो म्हणून सांगितलं. गोव्यात ३६.९ टक्के. दारात आलेल्या सर्वेक्षकाला सगळे खरं सांगत नाहीत, हे गृहीत धरून महाराष्ट्राचा आकडा दुप्पट करा. तरीही न पिणारे बहुसंख्य उरतात. पण हळदीच्या रात्री, गटारीला, थर्टी फर्स्टला जो ओरडतो तो पिणारा असतो. कोपऱ्यात चखणा खात कोल्ड्रिंक घेऊन बसलेले मोजलेच जात नाहीत, आणि त्यांचाही एकमेकांबद्दल असा समज असतो की हा आज पोट बिघडलं म्हणून घेत नसेल.

या सगळ्या संशोधनाकडे पाहताना थोडं मीठ हाताशी ठेवावं. बरेचसे अभ्यास अमेरिकन कॉलेजांतले आहेत, कारण प्राध्यापकांना विद्यार्थी फुकट मिळतात. गुण आणि पिणं यांच्यातला संबंध बहुधा लहान किंवा मध्यम असतो. एका मुलाची प्रश्नावली पाहून तो पिणार की नाही हे सांगता येत नाही. आणि आधी काय, हेही नेहमी कळत नाही: उद्दाम मुलगा जास्त पितो, की पिणाऱ्यांच्या टोळक्यात राहून उद्दाम होतो? बेम यांच्या यादीतले गुण स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी १९७० च्या दशकात ठरवले होते. ते जसेच्या तसे लातूरच्या मुलापुढे ठेवून काय मोजलं जाईल, याची शंका घेतलेली बरी. म्हणून ब्राझीलमध्ये रिओच्या वस्त्यांत तयार झालेली पुरुषांच्या मतांची मोजपट्टी मुंबईत आणली, तेव्हा इथल्या संशोधकांनी आणि कोरो संस्थेने आधी वस्त्यांतल्या तरुणांनाच 'असली मर्द' कोण ते विचारलं. त्यातून 'यारी-दोस्ती' हा गटचर्चांचा कार्यक्रम उभा राहिला. त्याचा भर दारूपेक्षा मुलींशी वागण्यावर आणि आरोग्यावर होता, पण रीत महत्त्वाची: व्याख्यान न देता मुलांनाच आपसात बोलतं करायचं.

बोलतं करण्याने पिणं कमी होतं का? गोव्यात संगाथ संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर चाचणी घेतली. अभ्यासात फक्त पुरुषच होते, कारण त्या पातळीला पिणाऱ्या बायका तिथे फारच कमी. एका गटाला नेहमीच्या उपचाराबरोबर समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका मिळाल्या, आणि बोलणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसं होती. तीन महिन्यांनी त्या गटातले ३६ टक्के घातक पातळीच्या खाली आले, दुसऱ्या गटातले २६ टक्के. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. 'माझं मी बघून घेईन' म्हणणारा पुरुष चार बैठका बसतो, हीच त्यातली मला न विसरता येणारी गोष्ट. मेक्सिको सिटीतल्या कष्टकरी पुरुषांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस गटात बसून स्टॅनली ब्रँडेस यांनीही असंच काही पाहिलं. एरवी मद्यपानाला मर्दानगीचं लक्षण मानणारे ते पुरुष, न पिता कुटुंब पोसणं हीच खरी मर्दानगी असं एकमेकांना सांगत टिकून होते. त्यांनी मर्दपणा टाकला नव्हता, दुसऱ्या खात्यात वळवला होता.

आणि प्रिन्स्टनचं पुढे काय झालं? प्रेंटिस यांनी क्रिस्टीन श्रोडर यांच्यासोबत नवख्या विद्यार्थ्यांचे दोन प्रकारचे गट केले. एका प्रकारात जबाबदारीने कसं प्यावं यावर चर्चा झाली. दुसऱ्यात फक्त आधीच्या अभ्यासाचा निकाल मांडला, म्हणजे सगळ्यांना खटकतं आणि सगळ्यांना वाटतं की इतरांना चालतं, आणि मुलांना त्यावर बोलू दिलं. कुणालाही पिऊ नका म्हटलं नाही. चार ते सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या गटातली मुलं कमी पीत होती. हे १९९८ मध्ये छापून आलं आहे. असा तास घ्यायला लागतो काय? एक खोली, वीसेक मुलं आणि त्यांच्याच कॉलेजचा खरा आकडा.